दोन टोकांमधला दांडका

मी एक जुना, तांबडे-पांढरे पट्टे ओढलेला दांडका आहे. कुणाला मारण्यासाठी माझा जन्म झाला नाही, हे आधीच सांगतो. दांडका म्हटलं की मुलं मागे सरकतात.

मित्रांनो, लढाईच्या दिवसांत मिलटरीच्या लॉऱ्यांनी खालापूर-खोपोली सडक पार उखडली. दुरुस्तीसाठी तिची अर्धी बाजू खणली. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जात. मधल्या वळणामुळे एका टोकाचं दुसऱ्याला दिसत नसे. म्हणून ओव्हरसियरसाहेबांनी नियम केला: ज्या टोकाला दांडका, त्या टोकाची रांग सुटेल. रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्यानं मला पलीकडे नेऊन द्यायचं. खालापूरकडे गाड्या अडवायचं निशाण घेऊन शुक्रा उभा, खोपोलीकडे तसाच लडकू. सुतारानं मला तासलं, रंगवलं आणि साहेब म्हणाले, "झकास!" आयुष्यात माझी स्तुती झाली ती एवढीच.

रस्त्याला दोनच टोकं असतात, असा साहेबांचा समज होता. गावाच्या लेखी रस्ता म्हणजे घर आणि शेत यांच्यात आडवी आलेली वस्तू.

एका दुपारी शुक्राच्या रांगेत शेवटची बैलगाडी आबाजीची होती. सरकारी वस्तू म्हणून त्यानं मला कपाळाला लावलं. मध्यावर त्याचं शेत आलं. बैल सवयीनं वळले, आणि आबाजी बैलांचं मन मोडणारा नव्हता. "उद्या देतो नेऊन. सरकार कुठं पळून चाललंय?" म्हणत त्यानं मला कुंपणाच्या भगदाडात खोचलं आणि शेतातून परस्पर घर गाठलं.

कुंपण उंचावर होतं. तिथून मला दोन्ही टोकं दिसत. शुक्रा माझी वाट बघत होता. लडकूही माझीच वाट बघत होता. मधली सडक रिकामी होती. इतकी सुरक्षित ती कधीच नव्हती.

तेवढ्यात शुक्राचा जावई पोपट गाडी हाकत आला. आत शुक्राची लेक जना, बाळंतपणात अडलेली. तिला खोपोलीच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"मामा, सोडा की! लेक तुमचीच हाय."

"दांडका नाय, पावनं. वळणावर लॉरी समोर आली तर कुठं सरकाल? खड्ड्यात?"

जना किंचाळली. शुक्रानं निशाण पोपटच्या हाती दिलं आणि पळत सुटला. तिकडून लडकूही निघाला होता. दोघं नेमके माझ्या खालीच भेटले.

"आबाजीनं दांडका दिला का रं?"

"आबाजी पोचलाच नाय! मला वाटलं, तुजी रांगच सरंना."

मग दोघं खड्ड्यात उतरून आबाजीला शोधू लागले. बैलगाडीसकट.

"गाडी काय चवली हाय, मातीत हरवाय?" शुक्रा एकदम भानावर आला. "लडक्या, माजी जना अडलीय. तुजी बाजू धरून ठेव!"

तो परत पोचला तेव्हा किंचाळणं थांबलं होतं. मूल झालं होतं. ते रडलं नाही.

शुक्रानं निशाण हातात घेतलं आणि रस्ता मोकळा केला.

"आता कशाला, मामा?" म्हणत पोपटनं गाडी माघारी वळवली.

साहेबांनी लगेच सुधारणा केली. दांडका पुन्हा हरवू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक दिला. आता दोन्ही रांगा एकदम सुटू लागल्या.

मला न्यायला कुणी आलं नाही. आबाजीही विसरला. मला वाळवी लागली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, तुम्ही कधी रस्ता खणायला निघालात, तर मध्ये कुणाचं शेत आहे ते आधी विचारा. आणि दांडका आलाच नाही तर काय करायचं, तेही उभ्या राहणाऱ्या माणसाला सांगून ठेवा. शुक्राला ते कुणी सांगितलं नव्हतं.