अंधारातला पहिला बाक

लातुरात त्या वर्षी लोडशेडिंगला शिव्या न घालणारं माणूस शोधून सापडलं नसतं. एक होती, किल्लारीची सत्यशीला. उद्धव सरांच्या बारावीच्या क्लासात वीज गेली की सगळी पोरं कपाळाला हात लावायची आणि हिच्या जिवात जीव यायचा.

कारण साधं होतं. वीज असली की सरांचा नवा प्रोजेक्टर चाले. त्याच्यासाठी खिडक्यांना काळे पडदे, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून सगळ्या ट्यूबलाइटही बंद. भिंतीवर निळ्यावर लाल बाण नाचत, अक्षर औषधालाही नसे, आणि अंधारातून सर सांगत, "हे इथून इकडं येतं, बघा." भूकंपात डोक्यावर माळवद कोसळलं तेव्हा सत्यशीला सहा वर्षांची होती. जीव वाचला, कान गेले. तेव्हापासून ती माणसांचं बोलणं ओठांवरून ओळखे, आणि असं ओळखे की नव्या माणसाला पत्ता लागत नसे. पण ओठच दिसेनात तर ओळखायचं काय, कपाळ? वीज गेली की पडदे सरत, सर नाइलाजानं खडू उचलत आणि त्यांचं तोंड उजेडात येई. तेवढ्या वेळात जे पदरात पडेल ते तिचं.

एकदा क्लास सुटल्यावर ती सरांपुढं उभी राहिली.

"सर, तुमच्या डोक्यावरची एक ट्यूब चालू ठेवा. अन् बोलता त्यातलं मुद्द्याचं तेवढं तिथं भिंतीवर लिहून दाखवा. मला काहीच कळंना गेलंय."

"एका पोरीसाठी सगळ्या बॅचचं नुकसान करू का? उजेडात चित्र फिकं पडतं. तुला पहिला बाक दिलाय न्हाई का? लोक त्यासाठी वशिला लावतात."

असं म्हणून ते मोठ्या मनानं हसले. नकाराचं तिला एवढं काही वाटलं नाही, तो तिला सवयीचा होता. राग आला तो त्या हसण्याचा. दारातल्या भिकाऱ्याला शिळी भाकर घालताना माणसं असं हसतात.

पुढच्या चाचणीत तिचं भौतिकशास्त्र घसरलं. आणखी एकदा घसरलं तर 'अ' बॅचमधून बाहेर, असं सरांनी सांगून टाकलं. 'अ' बॅच सुटली की डॉक्टरकीचं नाव काढायचं नाही, हे लातुरात शेंबडं पोरही सांगतं. तिच्या खोलीत राहणारी नांदेडची मालविका जेवताना समोर बसून जमेल तेवढं समजावून सांगायची. पण तिचाही अभ्यास होता, ती तरी किती पुरणार?

अशात क्लासनं जनरेटर आणला. वीज जाण्याचा आधार होता, तोही गेला.

जनरेटरच्या उद्घाटनाला पालकांना बोलावलं. क्लासवर काढलेली एक फिल्म दाखवायची होती आणि तिच्यात सत्यशीला होती. कॅमेरेवाल्यानं तिला झाडाखाली पुस्तक घेऊन बसवलं होतं. किल्लारी-लातूर जीप चालवणारा तिचा बाप देविदास इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. तिला खुद्द स्टेजवर खुर्ची. जनरेटरला हार, सत्यशीलाला गुच्छ.

दिवे मालवले. भिंतीवर पडकी घरं आली, तिच्या गावची की आणखी कुठली, देव जाणे. मग तिचा चेहरा आला, भिंतभर. बोलणारा माणूस दिसत नव्हता, खाली अक्षर नव्हतं. फिल्मच्या उजेडात पुढच्या रांगांतली माणसं तिच्याकडं बघून डोळे टिपताना दिसत होती. मग टाळ्या पडल्या. बापही डोळे पुसत होता. बोलणं माझ्याबद्दल, आणि एवढ्या माणसांत ते न कळणारी मी एकटीच! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ती उठली, चाचपडत स्टेजच्या कडेच्या बोर्डापाशी गेली आणि सगळी बटणं दाबून टाकली. लख्ख उजेड झाला. भिंतीवरची सत्यशीला पुसट झाली.

उद्धव सर माइक घेऊन धावत आले. माइक तोंडापुढं, म्हणजे पुन्हा ओठ झाकलेले. तिनं तो हातानं खाली केला.

"काय सांगत होते फिल्ममधी माझ्याबद्दल?"

"कौतुकच केलंय, बेटा. बस खाली."

"कौतुक हाय तर तोंडावर सांगा की!"

सर इकडंतिकडं बघू लागले. तेव्हा मालविका पालकांच्या मागं उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सत्यशीलासाठी आमच्याकडं खास व्यवस्था आहे. तिचा एक शब्दही सुटत नाही. असं म्हणले."

सत्यशीलाला आधी हसूच आलं. मग हातातला गुच्छ तिनं खुर्चीवर टाकला.

"कुठली व्यवस्था, सर?"

"पहिला बाक दिलाय की!"

"अंधारात पहिला काय अन् शेवटचा काय! एक ट्यूब मागितली होती मी. अन् चार अक्षरं. तेवढी दिली न्हाईत, अन् वरून मला दाखवून टाळ्या घेता?"

देविदास उभा राहिला. आता हा गप बस म्हणणार, असं तिला वाटलं. पण तो सरांकडं बघत होता.

"सर, उद्यापासून ट्यूब चालू ठेवणार का? व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

सरांनी पालकांकडं तोंड केलं, म्हणजे तिच्याकडं पाठ. उत्तर तिला बापाच्या तोंडावर मिळालं. परक्या माणसाचं बोलणं तो, ती लहान असल्यापासून, तिच्यासाठी आवाज न करता पुन्हा म्हणून दाखवायचा. आताही त्याचे ओठ हलले.

"बघू, म्हणले."

बघू! हापिसात बघू, बँकेत बघू, सोयरिकीत बघू. न्हाई म्हणायची हिंमत नसलेल्या माणसाचा हा शब्द, आणि त्याचा अर्थ न कळणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही.

"तुम्ही बघू नका, सर," ती म्हणाली. "मला दिसू द्या."

सरांनी दिवे घालवायची खूण केली. ती बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. प्रोजेक्टरवाला दोन पावलं पुढं आला आणि तिचं तोंड बघून थांबला. देविदास खाली बसला नाही. उद्धव सर काहीतरी ओरडत होते. काय ते तिनं बघितलं नाही.