काजूला कळतं

काजू कण्हायला लागली की राऊतांच्या घरातली सगळी कामं जागच्या जागी थांबत. आशालताबाई गॅस बंद करून धावत यायच्या, दिनानाथराव वाडीतून केळीच्या चिकानं डागाळलेल्या हातांनी यायचे, आणि उन्नती जिथे असेल तिथून तिला धरून आणून हॉलमधल्या पलंगावर कुशीवर निजवलं जायचं. मग दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसायची. उन्नती पंख्याकडे बघत राहायची.

वटारला त्यांची केळीची, सोनचाफ्याची आणि मोगऱ्याची वाडी होती आणि वाडीतच घर. त्यांची मुलगी उन्नती सव्वीस वर्षांची. कॉलेज संपल्यावर ती सातिवलीला एका पॅकिंगच्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला लागली होती. तिथेच, खुर्चीवरून उठता उठता, तिला पहिली आकडी आली. गोळ्या सुरू झाल्या आणि नोकरी सुटली. म्हणजे आशालताबाईंनी ती सोडवली.

काजू ही रस्त्यावरून येऊन वाडीत राहिलेली कुत्री. भाजलेल्या काजूच्या रंगाची, म्हणून काजू. एका सकाळी उन्नती विहिरीजवळ मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती, तर हिनं तिच्या ड्रेसचं टोक दातांत धरलं आणि कण्हत मागे ओढायला लागली. "सोड गं, फाटेल," म्हणत उन्नती वैतागून विहिरीपासून बाजूला झाली, आणि थोडं पुढे जाऊन केळींच्या सरीत कोसळली. आशालताबाईंनी हे सगळं मागच्या दारातून पाहिलं. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. आधी काजू कण्हली, मग आकडी आली.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "काही कुत्र्यांना कळतं, असं लोक सांगतात. वासानं कळतं की कशानं, ते नक्की कुणालाच माहीत नाही. पण ऐका, गोळ्या चुकवायच्या नाहीत. पाणी, उंची आणि गाडी चालवणं सांभाळायचं. बाकी हिला बाहेर पडू द्या, काम करू द्या."

आशालताबाईंना यातलं काजूचं तेवढं ऐकू आलं.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली, ते ठीकच होतं. मग बाथरूमची आतली कडी निघाली. उन्नतीचा पलंग तिच्या खोलीतून हॉलमध्ये आला, कारण खोलीचं दार लोटलं की आतलं दिसत नाही. फाटकाचं रात्रीचं कुलूप दिवसाही लागायला लागलं. शेजारपाजारचे काजूला बघायला येत, तिच्या डोक्यावरून हात फिरवत, आणि म्हणत, "देवानंच राखण बसवलीय तुमच्याकडे." उन्नती त्यांना चहा द्यायची. कप भरलेला ट्रे घेऊन ती चालायला लागली की बोलणं थांबायचं आणि सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर यायचे.

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि आकड्या जवळजवळ थांबल्या. कित्येक महिने काही झालं नाही. काजूचं कण्हणं मात्र वाढत गेलं. उन्नतीनं चपला घातल्या की कण्हणं, ओढणी घेतली की कण्हणं. आशालताबाई तिला लगेच आडवं करायच्या. तासभर वाट बघायची, काही व्हायचं नाही, आणि त्या हात जोडायच्या. "टळली बाई."

"टळली कशावरून? येणारच नव्हती."

"तुला काय माहीत? काजूला कळतं."

आकडी आली तर काजू खरी, नाही आली तर काजूमुळे टळली. या हिशेबातून सुटायला वाटच नव्हती. माणसाशी भांडता येतं, त्याला शब्दात पकडता येतं. कुत्रीशी वाद कसा घालायचा?

दिवाळीनंतर रोझमेरी आली. शाळेतली मैत्रीण, नंदाखाल गावची. आगाशीला तिनं मुलांचे क्लास सुरू केले होते आणि आठवी-नववीला गणित शिकवायला तिला कोणीतरी हवं होतं.

"काकू, मी स्वतः रिक्षानं नेईन, स्वतः आणून सोडीन," ती आशालताबाईंना म्हणाली. "आकडी आली तर काय करायचं, तेही शिकून घेतलंय मी."

"हो, हो. बघू ना," आशालताबाई म्हणाल्या आणि तिच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

सोमवारी उन्नती निळा ड्रेस घालून तयार झाली. पायरीवर आली तोच काजू कण्हायला लागली. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती, रोझमेरी आत बसून हात हलवत होती आणि उन्नतीला नव्या ड्रेससकट पलंगावर निजवलं जात होतं. थोड्या वेळानं रिक्षा गेल्याचा आवाज आला. आकडी आली नाही. काजू पलंगाच्या कडेला हनुवटी टेकवून बसली होती. उन्नतीनं तिला पायानं ढकललं. ती पुन्हा आली आणि तिचा पाय चाटायला लागली. उन्नती भिंतीकडे तोंड करून रडली. आपल्याला एका मुक्या जनावराचा राग येतो, याचीच तिला लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात आशालताबाई भाचीच्या साखरपुड्याला विरारला गेल्या. दुपारी उन्नतीच्या गोळ्या संपल्याचं लक्षात आलं. दिनानाथराव पाठीत उसण भरून पडले होते. "कोपऱ्यावरच तर आहे मेडिकल," ते म्हणाले. "जाऊन ये. किल्ली खुंटीला आहे."

उन्नतीनं चपला घातल्या, ओढणी घेतली आणि कण्हण्याची वाट बघत उभी राहिली. आंब्याखाली पसरलेल्या काजूनं एक डोळा उघडला, शेपटी दोनदा आपटली आणि पुन्हा डोळा मिटला.

उन्नती फाटक उघडून बाहेर गेली. गोळ्या घेतल्या. मुद्दाम लांबच्या वाटेनं, पानवेलींच्या बाजूनं परत आली. काजू फाटकापर्यंत सामोरी आली, तिचा हात हुंगला आणि खाली बसली. उन्नती उघड्या फाटकात उभी असतानाच आशालताबाईंची रिक्षा आली. मुलगी रस्त्यावर, फाटक सताड उघडं. आशालताबाईंचा चेहरा उतरला, छातीशी धरलेली पिशवी तशीच घट्ट आवळली गेली. तोंडातून शब्द निघायच्या आधीच काजू कण्हायला लागली. पण ती उन्नतीकडे बघत नव्हती. ती आशालताबाईंच्या पायांना अंग घासत होती आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

आशालताबाई रात्रीच्या भाकऱ्या थापत असताना उन्नतीनं विषय काढला.

"आई, तिला माझी आकडी कळते, हे खरंय. पण तिला तुझी भीतीसुद्धा कळते. मी बाहेर निघाले की तू घाबरतेस, आणि ती तुला बघून कण्हते. आज तू नव्हतीस तर हूं की चूं केलं नाही तिनं."

आशालताबाईंचे हात पिठात थांबले. "म्हणजे मीच तुला डांबून ठेवलंय, असं म्हण ना."

उन्नतीनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"तू पडतेस तेव्हा तुझे डोळे फिरतात. मला ओळखत नाहीस. शुद्धीवर आलीस की तुला काही आठवत नाही." त्यांचा आवाज चिरकला. "मला सगळं आठवतं गं."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींनीही ती उलटली नाही.

पुढच्या सोमवारी आशालताबाई सकाळीच म्हणाल्या, "मी मागे कळ्या खुडायला जाते. माझी सावलीसुद्धा नको तिथे. तू नीघ." परडी घेऊन त्या गेल्या.

उन्नती पायरीशी आली. बाहेर रिक्षा येऊन थांबली. तेवढ्यात काजू आंब्याखालून उठली, सरळ तिच्याकडे आली, ओढणीचं टोक दातांत धरलं आणि कण्हली. मागच्या वाडीकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

"आज नको गं," उन्नती म्हणाली. फाटक समोर होतं, कुलूप काढलेलं. धावत सुटलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. तिला तशी फार ओढ वाटली. पण काजूचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते, आणि विहिरीकाठची ती सकाळ उन्नतीला आठवत होती. पायरी सोडून ती आत आली आणि सतरंजीवर आपण होऊन कुशीवर झाली. "बाबा," तिनं हाक मारली, "आईला सांगा. आणि रोझमेरीला आत बोलवा."

जाग आली तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं. जीभ दुखत होती. काजू तिचं मनगट चाटत होती आणि रोझमेरी भिंतीला टेकून बसली होती. आता आई म्हणणार, बघितलंस? सांगत नव्हते मी? उन्नतीनं डोळे मिटून घेतले.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"फार नाही. दोनेक मिनिटं," आशालताबाई म्हणाल्या. तिच्या कपाळावरचे केस त्या मागे सारत राहिल्या. मग रोझमेरीकडे न बघता त्यांनी विचारलं, "पुढचा क्लास कधी गं?"

"बुधवारी, काकू."

"डॉक्टरांना आज दाखवून घेऊ. ते हो म्हणाले तर बुधवारी ये."

डॉक्टर हो म्हणाले. बुधवारी आशालताबाई मागच्या वाडीत गेल्या नाहीत. पायरीवर उभ्या राहिल्या, पदर मुठीत गच्च धरून. उन्नतीनं चपला घातल्या आणि काजू कण्हायला लागली. उन्नती थबकली. दिनानाथराव पुढे झाले. काजू आशालताबाईंच्या पायांशी घुटमळत होती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

आशालताबाई खाली वाकल्या. तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, "हो गं बाई, कळलं. ते माझं आहे."

त्यांनीच जाऊन फाटक उघडलं. रिक्षा आगाशीच्या वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत काजू कण्हत राहिली, आणि आशालताबाई तिला धरून उभ्या राहिल्या.