मांडलं का झालं

ते साल १९९६. गणपती बसायला चारच दिवस उरले होते आणि इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावात सारजाच्या जिवाला एक घोर लागला होता. लेकीला, रोहिणीला, भिगवणचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं नाव सूरज. हमरस्त्यावर त्यांचा माशांच्या जेवणाचा धाबा, माणसं समजूतदार. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच सारजाची अडचण. कारण रोहिणी रोज एस.टी.नं बारामतीच्या कॉलेजात जात होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढं तिला पुण्याला जाऊन वकिली शिकायची होती. सारजाला स्वतःला चौथीतून काढलं होतं, ते तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. पण घरात शेवटचा शब्द नवऱ्याचा, गेणूचा.

गेणूच्या आजोबांनी मेंढरं विकून ऊस लावला, तेव्हापासून घर साखर कारखान्याचं सभासद. गेणू बोलायला कमी आणि बोलला की पक्का. कारखान्याची वार्षिक सभा तो कधी चुकवत नसे. मांडवात अध्यक्ष ‘विषय क्रमांक चार’ म्हणून वाचायला लागत, तर वाक्य पुरं व्हायच्या आत हजारभर माणसं ओरडत, “मंजूर! मंजूर!” पंचवीस वर्षांत मांडलेला विषय पडलेला गेणूनं पाहिलाच नव्हता. मांडला म्हणजे झाला, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

त्या दिवशी सारजा गिरणीत दळणाला नंबर लावून बसली होती. शेजारच्या चहाच्या टपरीवर महिपतीतात्या पेपर मोठ्यानं वाचत होते. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“लोकसभेत अन् विधानसभेत बायकांना तिसरा हिस्सा जागा. तसं विधेयक मांडणार हायेत म्हणं.”

“मग पुरुषांनी काय दिल्लीत भाकरी थापायच्या?” मानसिंग खिदळला. तीस-बत्तिशीचा, नवा ट्रॅक्टर घेतलेला, त्यामुळं गावातलं प्रत्येक मत त्याला आधी सांगायचं असे.

“तू थाप,” बाकावर चहा पीत बसलेला गेणू म्हणाला. “ट्रॅक्टरपरास सरळ चालवशील.”

सगळे हसले, तसा मानसिंग पेटला. “हसताय काय आबा? उद्या तुमची रोहिणी खासदार हुईल!”

“खासदार ऱ्हाऊ दे. पर ह्यो कायदा दिल्लीत झाला, तर पोरीला पुण्याला धाडून वकील करतो. समद्यांम्होरं सांगतो.”

मानसिंग बाकावर चढला. “विषय क्रमांक एक! गेणूआबांची पोरगी वकील! मंजूर?”

“मंजूर! मंजूर!”

पीठ पाटीत पडत होतं आणि सारजाला ते भरून घ्यायचं सुचेना. नवरा थट्टेत बोलला की खरं?

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, विधेयक लोकसभेत मांडलं. गेणू घरी आला, पाय धुतले आणि म्हणाला, “झाला कायदा. भिगवणला निरोप धाडतो, पोरगी शिकतीया म्हणून.” रोहिणी ताटातल्या भाकरीकडं बघत राहिली. सारजाला आनंद झाला आणि लगेच धास्ती वाटली. इतक्या सहज?

निरोप जायच्या आतच मानसिंग दारात हजर. “आबा, विधेयक समितीकडं गेलंय!”

गेणू ओट्यावर बसला. कारखान्यात एखाद्या विषयाला समिती नेमली, की तो विषय पुन्हा कुणाला दिसत नसे.

“मंजी झालं का न्हाय झालं?”

“ते काय मला ठावं? समितीकडं गेलंय एवढं खरं.”

गेणूनं निरोप थांबवला. आता तो दिल्लीकडंही बघेना, भिगवणकडंही.

सारजानं खोबरं किसता किसता लेकीला गाठलं. “तू तर पुस्तकं वाचतीस. खरं सांग.”

रोहिणीनं दार लोटून घेतलं. “आई, मांडलं म्हणजे नुसतं सभागृहाला दाखवलं. आता समिती एकेक कलम तपासणार, मग चर्चा, मग मतदान. ही घटनेतली दुरुस्ती हाय, म्हणून मत देणाऱ्यांत तीनातले दोन तरी बाजूनं पायजेत. मग राज्यसभेत पुन्हा तेच सगळं. मग राष्ट्रपतींची सही, मग राजपत्रात छापायचं. तेव्हा कायदा.”

“एवढं? अन् तितं मंजूर मंजूर म्हनत न्हाईत?”

“म्हणतात की. पण मोजून.”

सारजानं किसणी बाजूला ठेवली. “मग त्यांना झालं म्हनूनच सांग ना. त्यांना काय कळतंय?”

“वकील व्हायला निघाले अन् पहिली साक्ष खोटी देऊ? तीबी आबांपाशी?”

“मग समितीकडं गेलं मंजी मेलं, असं सांगू का?”

“मेलं नाही गं. प्रलंबित हाय. झालंबी नाही, पडलंबी नाही.”

झालंही नाही आणि पडलंही नाही, असं जगात काय असतं, हे सारजाला कळेना. तीन दिवस तिनं तो शब्द तोंडात घोळवला. प्रलंबित. भाजीत दोनदा मीठ पडलं. चुलीपाशी वाट्या मांडून बघितल्या, ही लोकसभा, ही राज्यसभा, हा राष्ट्रपतींचा तांब्या. मधली समितीची वाटी कुठं ठेवायची तेच ध्यानात राहीना.

गौरी जेवल्या त्या दिवशी सूरजचे चुलते भिगवणहून उत्तर घ्यायला आले. पुरणपोळी झाली, पान झालं. चुलते म्हणाले, “गेणूराव, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा का?”

गेणू खाली बघत पायाचा अंगठा चोळत बसला. हो म्हणावं तर गावासमोर दिलेला शब्द, नाही म्हणावं तर कायदा कुठं झालाय. सारजा आतल्या दाराशी उभी होती. पाहुण्यांसमोर ती कधी बोलली नव्हती.

“पावनं,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली, “ह्यांनी गावात शब्द दिलाय. कायदा झाला तर पोरीला शिकवीन म्हणून. त्यो इषय दिल्लीत पडला न्हाय तवर ह्यांचा शब्दबी पडत न्हाय. प्रलंबित हाय.”

गेणूनं मान वर करून बायकोकडं असं बघितलं, जणू ती इंग्रजीत बोलली होती.

“किती दिवस प्रलंबित?” चुलत्यांनी विचारलं.

“ते दिल्लीला इचारा.”

चुलत्यांना हसू आलं. “वहिनी, आमी दिल्लीची वाट बघायची मंजी पोरगं म्हातारं हुईल.” मग टोपी घालत म्हणाले, “नको. पोरगी शिकू द्या. आमचा राग न्हाय.”

ते गेल्यावर गेणू आतल्या दाराशी आला. म्हणाला, “ह्यो शबुद कुठनं आनलास?” आणि पुढं विचारलं, “खरंच असंच असतंय का?” सारजानं खरं ते सांगितलं, “मलाबी नीट कळलं न्हाय.”

डिसेंबरात समितीचा अहवाल आला, पण मतदान काही झालं नाही. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये रोहिणी पत्र्याची ट्रंक घेऊन पुण्याला गेली. शब्द प्रलंबितच होता; पण पडला नाही तोवर पाळायचा, म्हणून गेणूनंच तिला एस.टी.त बसवून दिलं. त्याच साली डिसेंबरात लोकसभा बरखास्त झाली.

मानसिंग पळतच आला. “आबा, सभागृहच मोडलं! विधेयक त्याच्याबरूबर मेलं. तात्यांनी दोनदा वाचलं. आता आना पोरीला माघारी.”

सारजा ज्वारी पाखडत होती. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तीच म्हणाली होती, विषय पडला की शब्द पडला. आपल्याच तोंडानं लेकीची वाट बंद केली, असं तिला वाटलं.

गेणूनं तंबाखू मळली, चिमूट ओठात धरली.

“मानसिंग, मोडली ती दिल्लीची सभा. शब्द मी दिलाय. मी कुठं मोडलोय?”

मानसिंग डोकं खाजवत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “मंजूर, आबा.”

महिपतीतात्या दोन वर्षांनी गेले; चष्मा शेवटपर्यंत दोऱ्याचाच. सूरजनं टेंभुर्णीची मुलगी केली, धाबा दुमजली झाला, आणि सारजा कधी भिगवणला उतरली तर तो जेवणाचे पैसे घेत नाही. रोहिणी इंदापूरच्या कोर्टात उभी राहिली. लग्न केलं, जरा उशिरा, आणि आपल्या पसंतीनं. तिच्याकडं आलेला पहिला पक्षकार मानसिंग, बांधाच्या भांडणाचा. तो खटला नऊ वर्षं प्रलंबित राहिला आणि त्या शब्दाचा अर्थ गावात त्याच्याइतका कुणालाच कळला नाही. गेणू २०११ साली गेला, शब्द पुरा करून.

ते विधेयक पुढं कितीदा आलं नि कितीदा गेलं, सारजानं मोजणं सोडून दिलं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात, गणपतीतच, रोहिणीचा फोन आला. “आई, बायकांचं विधेयक!”

“मांडलं का झालं?” सारजानं विचारलं.

“झालं. दोन्ही सभागृहांत. मोजून.”

“मग आता लागू?”

रोहिणी म्हणाली, “नाही. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग कुठं लागू.”

सारजा आता ऐंशीला टेकली आहे. फोन ठेवून ती चुलीपाशी गेली, वाट्या मांडल्या, आणि ही जनगणनेची नवी वाटी कुठं ठेवायची ते तिला अजून उमगलेलं नाही.