थोरल्यांचं सदतीस

सासूबाईंच्या फोटोची स्पर्धा थोरल्या जावयाने जिंकली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. थोरला जावईही तसंच समजून चालतो, आणि विजय त्याचा असल्यामुळे त्याचा मान राखायला हवा. तर, अजून काहीही घडलेलं नाही.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टवाले, ओळखपत्रवाले, नोकरीच्या अर्जावर हसू नये म्हणून ओठ आवळून बसलेले असे चेहरे तिथे दिवसभर यायचे. दोन्ही जावई तिथेच कामाला. थोरला सकाळी, धाकटा दुपारपासून शटर पडेपर्यंत. दोघांत मिळून कॉम्प्युटर एक आणि फिरती खुर्ची एक.

फोटो साफ करणारी मॅक्रो स्क्रिप्ट थोरल्याने स्वतः लिहिली होती. एकदा लिहून ठेवलेला हुकूमच तो: मागची भिंत पांढरी कर, चेहरा उजळ कर, कडांना धार दे, मापात काप. चालवली की एक छोटी चौकट उघडायची आणि तिच्यात उजळपणा किती, धार किती, असे आकडे असायचे. ओके दाबलं की आकडे एका फाइलमध्ये जपले जायचे आणि पुढच्या वेळी चौकट तेच आकडे घेऊन उघडायची. या जपणुकीचा थोरल्याला भारी अभिमान. "माणसं विसरतात, माझी स्क्रिप्ट विसरत नाही," असं तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा. गिऱ्हाइकं ओठ आवळून ऐकायची.

ती खरंच विसरत नव्हती. अडचण एवढीच, की तिला फक्त शेवटचा माणूस आठवायचा. आणि शेवटचा माणूस रोज धाकटा असायचा.

थोरल्याचा उजळपणा पस्तीस. धाकट्याचा सदतीस. दोहोंतला फरक आजवर एकाही चेहऱ्याला कळला नव्हता. पण रोज सकाळी थोरला चौकट उघडायचा, समोर सदतीस बघायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात खुर्चीही धाकट्याच्या मापाने खाली केलेली. स्वतःच्या घरात शिरावं आणि दारात दुसऱ्याच्या चपला दिसाव्यात, तसं.

"आयत्या बिळावर नागोबा," तो बायकोला म्हणाला. "बीळ मी खणलं."

"अहो, लोक दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात," बायको म्हणाली. "तुम्ही आकड्यावर जळता. आणि तोही दोननेच मोठा."

"दोननेच का होईना, मोठा आहे ना?"

यावर तिने दिवा मालवला.

अशात सासऱ्यांनी जाहीर केलं की रोज आकड्यांची अदलाबदल पुरे झाली. आता स्टुडिओचं एकच सेटिंग कायम करायचं आणि त्याला कुलूप घालायचं. दोघांनी सासूबाईंचा एकच फोटो आपापल्या सेटिंगने काढून द्यावा. ज्याचा त्यांना आवडेल त्याचं सेटिंग कायम, आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्चीही दिवसभर त्याचीच. दुसऱ्याने स्टुलावर बसून पाकिटं भरावीत.

थोरल्याला त्या रात्री झोप लागली नाही. ते स्टूल त्याच्या ओळखीचं होतं. त्याचा एक पाय आखूड होता.

सकाळी लवकर जाऊन त्याने स्क्रिप्ट सुधारली. आता ती आधी नाव विचारणार, नावाप्रमाणे वेगळी फाइल उघडणार, आकडे वेगवेगळे जपणार. ज्याची फाइल अजून नाही, त्याला अडायला नको म्हणून शेवटचे वापरलेले आकडे देणार. ही शेवटची ओळ त्याने निव्वळ चांगुलपणाने लिहिली. मग "थोरले" निवडलं. चौकट उघडली. आकड्यांकडे त्याने बघितलं नाही. त्या जागी सदतीस बघून बघून त्याच्या छातीत जळजळायला लागलं होतं, आणि आता नाव आपलं आहे म्हटल्यावर बघायचं काय? स्वतःच्या घराची बेल कोण वाजवतं? त्याने डोळे मिटून ओके दाबलं, प्रिंट काढली, मागे सही केली. दुपारी धाकट्याने आपलं नाव निवडलं, ओके दाबलं, आणि सही करायला विसरला.

संध्याकाळी सासूबाई चष्मा लावून बसल्या. एका हातात एक प्रिंट, दुसऱ्या हातात दुसरी.

"अगंबाई! ह्यात मी किती प्रसन्न दिसते," त्या म्हणाल्या. "आणि ह्यात? ह्यात मी अगदी माझ्या जावेसारखी दिसते."

सासऱ्यांनी भिंग लावून दोन्हीकडे बघितलं. "जमीन-अस्मानाचा फरक आहे," ते म्हणाले. सासूबाईंच्या बाबतीत हेच उत्तर आजवर बरोबर ठरलं होतं.

थोरला वाकून बघायला गेला आणि वाकलेलाच राहिला. दोन्हींत तोच उजेड, तीच धार. कानामागचा केसही तोच, तेवढाच चमकलेला. नाव ती आजपासून विचारायला लागली, मग स्क्रिप्ट कालच्या मला ओळखणार कशी? दोघांच्याही नावाची फाइल तेव्हा नव्हतीच. दोघांनाही तिने आदल्या रात्रीचा, धाकट्याचाच आकडा वाढला होता.

"मागे सही आहे," सासूबाईंनी प्रसन्न प्रिंट उलटी केली. "जावईबापू, तुम्ही जिंकलात हो!"

धाकट्याने उठून त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "साडूभाऊ, मानलं तुम्हाला. किती ठेवला होता उजळपणा?"

"ठेवला होता... असाच एक आकडा," थोरला म्हणाला.

सासऱ्यांनी फाइल उघडली होती. "सदतीस!" ते म्हणाले, आणि कुलूप घातलं.

"योगायोग बघा," धाकटा म्हणाला. "माझाही सदतीसच. पण तुमच्या सदतीसची सर नाही हो त्याला."

त्यानंतर थोरला रोज दिवसभर त्या खुर्चीत बसतो. चौकट उघडली की वर त्याचं नाव येतं आणि खाली सदतीस. कितीही दाबलं तरी दुसरा आकडा पडत नाही. धाकटा स्टुलावर डुलत पाकिटं भरतो, शीळ घालतो, आणि नागोबा नेमका कोण हे थोरल्याने ठरवणं टाळलं आहे. जळायचं तर आता "थोरले" नावाच्या माणसावर जळावं लागतं, आणि तो जेवायला रोज त्याच्याच ताटावर बसतो.

शेवटी त्याने सासऱ्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला:

"विषय: सेटिंगबाबत. महोदय, अर्जदारास सदर स्पर्धेत रीतसर हरलेला घोषित करावे, मात्र खुर्ची त्याच्याकडेच राहू द्यावी. ते शक्य नसल्यास, सदतीस हा आकडा छत्तीस व अडतीस यांच्या मधून तत्काळ प्रभावाने काढून टाकावा व तसे सर्व संबंधितांस कळवावे, ही नम्र विनंती."