आठ किलो

“मावशी, माणूस उचलायचा असेल तर यातलं कितीचं केटलबेल घ्यावं?”

विचारून मोकळी झाली एकदाची! “हिंमत असेल तर विचारून दाखव,” असं मैत्रिणींनीच डिवचलं होतं. त्या दोघी दुकानातल्या टेनिसच्या रॅकेटींमागे तोंडं लपवून खिदळत होत्या. वर्गात हिला सगळे ‘इंजिन’ म्हणत, आणि इंजिन कधी मागे हटतं होय?

“कोणाला उचलतेस गं? नाव तरी सांग!” त्यांतली चष्मेवाली फिसकन हसली.

दुकानदार मावशी मात्र हसल्या नाहीत. हँडल असलेल्या त्या लोखंडी गोळ्यांवरची धूळ पुसता पुसता त्यांनी विचारलं, “माणूस स्वतः थोडा जोर लावतो, की सगळा भार आपल्यावर?”

“हातांनी लावतो. पाय साथ देत नाहीत.” तिचा आवाज खाली आला. “बाबा आहेत माझे.”

खिदळणं बंद पडलं. बाबा रंगारी, शिडीवरून पडले, एवढं मैत्रिणींना माहीत होतं. पुढचं तिने कधी सांगितलंच नव्हतं.

तिने तडक सोळाचा गोळा धरला आणि हिसडा मारून उचलला. “बघा, जमलं!”

“जमलं, पण पाठीने. असं बाबांना उचललंस तर खाटा दोन लागतील.” मावशींनी आठचा पुढे सरकवला. “हात भरलेले असले की दार कशाने ढकलतेस?”

“बुडाने!”

“मग तसंच कर. कंबर मागे, पाठ सरळ, गोळा अंगाशी. आणि जोर पायांचा.”

तिसऱ्या खेपेला गोळा अलगद वर आला. पाठीला पत्तासुद्धा लागला नाही.

“आठ? माझं दप्तर याहून जड असेल,” चष्मेवाली हळूच म्हणाली. सोळा तर सहज उचलेन, असं इंजिनाने शाळाभर ठणकावून सांगितलं होतं. तिने एकदा सोळाकडे बघितलं. मग आठचंच बांधून घेतलं.

घरी आई बाबांना खाटेवरून चाकांच्या खुर्चीत घेत होती. बाबांचे हात तिच्या गळ्यात, तिच्या कमरेला पट्टा, आणि दातांत दाबलेली कळ. बाबा खुर्चीत टेकले, तशी ती भिंतीला हात लावून उभी राहिली.

“हे काय आणलंस?” आईने विचारलं.

“बाबांना उचलायची तयारी.”

“मी काय रंगाचा डबा आहे?” बाबा हसले, पण नजर खिडकीकडे वळली. “तुला खांद्यावर बसवून फिरवायचो मी. आता तू मला उचलणार? नको गं, बाळा.”

“अभ्यास कर तू,” आई म्हणाली. “माझं चाललंय.”

“कसं चाललंय ते दिसतंय.” तिने गोळा खाटेशी ठेवला आणि खाली बसून बाबांची पावलं खुर्चीच्या पायरीवर नीट टेकवली. बाबांनी तिला अडवलं नाही.

“ऐका दोघं. एकटीने उचलायला मला अजून वेळ लागेल. ते नीट जमेपर्यंत सकाळ-संध्याकाळ एका बाजूने आई आणि दुसऱ्या बाजूने मी. मला हाक मारल्याशिवाय आईने बाबांना हात लावायचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं!”