रिकाम्या टोपल्यांची चळत

मुख्याध्यापक साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही. निळ्या शाईनं, सावकाश, खाली गोल शिक्का मारून खोटं लिहिलंत. माझी मुलगी मीना, तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या शब्दापुढं 'असमाधानकारक', आणि 'शेरा' या शब्दापुढं 'आजारपणाचे सोंग करते'. दाखला जून २००३ चा. आज डिसेंबर २००७ आहे. साडेचार वर्षं मी ते एक वाक्य खोडून मागतोय आणि तुम्ही मला बाकावर बसवून चहाला निघून जाताय. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

मी गोटीराम. हरसूलच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. भात, नागली करतो आणि बांबूच्या टोपल्या विणून आठवडी बाजारात विकतो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकलो ते रद्दीवर. भेळेच्या, भज्यांच्या पुड्या सोडून सपाट करायच्या आणि वाचायच्या. त्यामुळं माझ्या ज्ञानाला सुरुवात नसते, शेवट नसतो, पण मधलं तेवढं पक्कं असतं.

मीना तुमच्या आश्रमशाळेत सहावीला होती तेव्हाची गोष्ट. १९९८ चा डिसेंबर. पहाटे पाचला पोरांना उघड्या हौदावर थंड पाण्यानं आंघोळ, हा तुमचा नियम. थंडी पडली की मीनाच्या हातापायांची हाडं ठणकायची. बोटं सुजायची. ती पोटाशी गुडघे घेऊन पडून राहायची. तुम्ही मला बोलावून घेतलंत.

"पोरगी नाटकी आहे तुझी," तुम्ही म्हणालात. "उन्हाळ्यात हुंदडते, थंडी पडली की दुखणं. परीक्षेच्या वेळी तर हमखास. घेऊन जा आणि वठणीवर आण."

मी काय केलं ते सांगतो, लपवत नाही. मी तुमचं ऐकलं. शिकलेला माणूस बोलतोय म्हणजे खरंच असणार. वाटेत टेकडी चढताना ती बसली, तर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, मी उठते, पण पाय उठत नाय."

घरी नवसाबाईनं, माझ्या बायकोनं, पोरीला उन्हात बसवून नीट बघितलं. "सोंग कसलं? डोळं पिवळं हायेत, बोटं फुगलीत. अंगात पाणी चढलंय तिच्या."

आमच्याकडं सूज आली की पाणी तोडतात. सूज म्हणजे पाणी, मग वरून आणखी पाणी कशाला? वाडवडलांपासून तसंच. सकाळी दोन घोट, सांजेला दोन घोट. पोरगी ओठ चाटायची आणि माठाकडं बघत बसायची. तीन दिवसांत तिचं दुखणं दुप्पट झालं. चौथ्या दिवशी मी तिला पाठीवर घेतलं आणि आम्ही तिघं जीपनं, मग एसटीनं नाशिकला आलो.

तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली ती जुन्या नाशकातल्या एका लॅबची. जिना चढून वर एक खोली, खाली पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, दिवसभर ठोकठोक. लॅब लियाकतभाईंची. मेंदी लावलेली दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी मीनाचे डोळे बघितले, बोटं बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"कुठून आलात?"

"हरसूलकडनं."

"हं. थंडीत जास्त दुखतं ना, बेटा?" ते मीनाला म्हणाले. ती दचकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिलाच विचारलं होतं.

बोटाला सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यात एका पावडरीचं पाणी मिसळलं, वर पातळ काच ठेवून कडा मेणानं बंद केल्या. मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. बघतो तर गोल गोल, मऊ चकत्या. बाजारातल्या बत्ताशांसारख्या.

"ह्या तिच्या रक्ताच्या पेशी. आता थांबा. ही पावडर रक्तातला प्राणवायू खाऊन टाकते. अर्ध्या तासानं परत बघा."

अर्ध्या तासानं परत डोळा लावला, साहेब. तेच रक्त, तीच काच. चकत्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी टोकदार, वाकड्या, भाताच्या कापणीच्या विळ्यांसारख्या. कुणी एकट्या, कुणी एकमेकींत अडकून ढीग झालेल्या. नवसाबाईनंही डोळा लावला. "बया," ती म्हणाली, "पोरीच्या अंगात इळं फिरत्यात."

"ह्याला सिकलसेल म्हणतात," लियाकतभाई म्हणाले. "बारीक नळीत हे विळे अडकतात, पुढं रक्त जात नाही, हाड ठणकतं. पोरगी पाणी किती पिते?"

"पाणी तोडलंय," नवसाबाई म्हणाली. "सूज हाय ना तिला."

लियाकतभाईंचा चष्मा नाकावरून खालीच आला. "या अल्ला! भाभी, रक्त आधीच चिकटतंय, त्यातलं पाणी तुम्ही काढून घेताय? पिठलं आटवताय का?" ते स्वतः उठले, माठातलं पाणी तांब्याभर आणलं आणि मीनाच्या हातात दिलं. ती एका दमात प्यायली. तांब्या रिकामा करून तिनं आमच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. तुमच्या खोटेपणात माझ्या ह्या अडाणीपणाची भर आहे, आणि मी ती खोडत नाही.

मी विचारलं, "पण पेशी वाकते कशानं?"

त्यांनी चहा मागवला आणि समजावायला बसले. पेशीच्या पोटात एक प्रथिन असतं, हिमोग्लोबिन. मण्यांच्या चार माळा. त्या गुंडाळून, दुमडून, एकमेकींत बसून एक गोळा होतो. गोळ्यात चार खाचा, खाचेत लोहाचा कण, तो प्राणवायू धरतो आणि पोचवतो. माळेची घडी जशी पडेल तसं तिचं काम. चारपैकी दोन माळांत एकशे सेहेचाळीस मणी असतात. मीनाच्या त्या माळांत फक्त सहावा मणी वेगळा. जिथं पाण्याशी जमणारा मणी हवा, तिथं पाण्याला टाळणारा, तेलकट.

"एकशे सेहेचाळिसात एक?" मी म्हणालो. "एक मणी बदलला म्हणून माळ काय तुटते?"

"तुटत नाही, गोटीरामभाऊ. तीच तर भानगड आहे. चिकटते."

मला कळलं नाही. मान हलवली आणि घरी आलो. मोठ्या तपासणीला त्यांनी आमच्या तिघांचं रक्त मुंबईला पाठवलं. पंधरा दिवसांनी कागद आला. मीनाच्या दोन्ही माळा बिघडलेल्या. माझ्यात निम्मं हिमोग्लोबिन चांगलं, निम्मं तसलं, म्हणून मला काही होत नाही. नवसाबाईचंही तसंच. मी कागद वाचून दाखवला तर ती म्हणाली, "म्हंजी निम्मं तुमचं, निम्मं माझं. जन्मात पयल्यांदा तुम्ही बरोबर वाटणी केली."

पुढच्या आठवड्यात बाजाराला गेलो. वीस टोपल्या एकात एक घालून चळत डोक्यावर. गिऱ्हाईक आलं, मी वरची टोपली ओढली, तर तिच्याबरोबर दुसरी आली, तिसरी आली. हिसडा दिला तर अख्खी चळत काठीसारखी ताठ उभी राहिली. गिऱ्हाईक हसून निघून गेलं.

"कुसळ राहिलंय," नवसाबाई म्हणाली. "तासताना लक्ष कुठं हुतं?"

खरंच. त्या खेपेच्या कामट्या, म्हणजे बांबूच्या पट्ट्या, मी मीनाच्या काळजीत कोयत्यानं नीट तासल्या नव्हत्या. दर टोपलीच्या सहाव्या का सातव्या वेढ्यात एक कुसळ बाहेर, आणि ते शेजारच्या टोपलीच्या विणीत जाऊन बसलेलं. टोपली चांगली, वीण चांगली, एक कुसळ तेवढं. मी तिथंच उकिडवा बसलो.

मीना मागं गोधडीत गुंडाळून बसली होती, हातात पाण्याची बाटली. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या टोपल्यांना सिकलसेल झालाय."

"गप," मी म्हणालो. मग म्हणालो, "पण काल घरात तर ह्या अडकल्या नव्हत्या."

"काल भरलेल्या हुत्या ना," ती म्हणाली. "नागली हुती. भरलेली टोपली दुसरीत कशी जाईल?"

साहेब, ते पोर बारा वर्षांचं. प्राणवायूनं भरलेला गोळा शेजाऱ्याला चिकटत नाही. प्राणवायू उतरवून रिकामा झाला की त्याची घडी जरा बदलते, शेजारच्या तेलकट मण्याला बसायला खाच उघडी पडते. मग एकात एक, एकात एक, लांब दांडे होतात, आणि ते दांडे पेशीला आतून ताणून विळा करतात. लियाकतभाईंना मी हे पुढच्या खेपेला सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. "तीस साल स्लाईड बघतोय, असं कुणी सांगितलं नाही मला." मग मीनाला म्हणाले, "सुट्टीत येत जा, बेटा. काचा धुवायला नाही. बघायला."

ती चळत घेऊन मी तुमच्याकडं आलो, आठवतंय? मुंबईचा कागद होता. मी मागत काय होतो? पोरीला गरम पाणी, अंगात स्वेटर, वर्गात पाण्याची बाटली. बस्स. मी टेबलावर टोपल्या ठेवल्या आणि दाखवायला लागलो.

तुम्ही म्हणालात, "हे विकायला आणलंस काय?"

"नाही साहेब, रक्त कसं अडकतं ते..."

"टोपल्या विणणाऱ्यानं मला विज्ञान शिकवायचं? उचल पसारा."

कागदाला तुम्ही हातही लावला नाहीत. मी चळत उचलून बाहेर आलो तर स्वयंपाकघराच्या दारात सावित्रीबाई उभ्या, तुमच्याच शाळेतल्या स्वयंपाकीण. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दादा, गरम पाणी लागतं ना पोरीला? चुलीवर भाताचं आधण ठेवतेच मी चार वाजता. बादलीभर जास्त ठेवीन. साहेबाला काय कळतंय, ते आठला उठतात."

साडेचार वर्षं त्या बाईनं बादली ठेवली. निवृत्त झाल्यात, म्हणून नाव लिहितोय. दुखणं थांबलं नाही, पण थंडीत चारदा यायचं ते एकदा यायला लागलं. मीना दहावी झाली. गणितात एकोणऐंशी. आणि तुम्ही जाताजाता दाखल्यावर ते वाक्य लिहिलंत.

तिला नाशिकला लॅबच्या कोर्सला जायचं होतं, दहावीनंतरचा, दोन वर्षांचा. मुलाखतीला एक बाई होत्या. त्यांनी दाखला वाचला, पुन्हा वाचला.

"आजारपणाचं सोंग? आम्हाला रोज हजर राहणारी मुलं लागतात."

मी तोंड उघडणार होतो. मीनानं माझ्या पायावर पाय दिला.

"बाई," ती म्हणाली, "सुई आहे का?"

सुई होती, काच होती, ती पावडर मागच्या कपाटात होती. मीनानं स्वतःचं बोट टोचलं, थेंब घेतला, मिसळला, कडा बंद केल्या. हात जरासुद्धा हलला नाही. "अर्धा तास लागेल," ती म्हणाली.

आणि बाई थांबल्या. साहेब, ऐका, अर्धा तास थांबल्या. बाहेर अकरा मुलं रांगेत होती तरी थांबल्या. मग डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे तुझं आहे?"

"हो."

"माणूस सोंग करील," बाई म्हणाल्या, "पेशी कशी करील?" आणि अर्जावर सही केली.

आज मीना लियाकतभाईंच्या लॅबमध्ये पगारी नोकरीला आहे. लियाकतभाईंची नजर अधू झाली, आता स्लाईड तीच बघते. त्यांच्या पत्नी हाजराभाभी दुपारी डबा पाठवतात आणि निरोप देतात की पोरीनं तांब्या संपवल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. थंडीत कधी दुखतं. तेव्हा ती दोन दिवस घरी येते, गोळ्या घेते, गोधडीत पडून मला कामट्या तासताना चुका दाखवते. पाड्यात आता कुणाच्या पोरीला मागणी घालायला आलं की, दोन निम्मी एकत्र येऊ नयेत म्हणून, नवसाबाई विचारते, "पोराच्या रक्ताचा कागद आणलाय का?" लोक हसतात, पण आणतात. आम्ही सुखात आहोत. तुम्हाला वाईट वाटेल, पण आहोत.

मीना म्हणते, "बाबा, सोडा आता. माझं काय अडलंय?"

तिचं अडलेलं नाही. पण ह्या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या शाळेतली तीन पोरं आमच्या टोपल्यांपाशी आली. फुगलेली बोटं, पिवळे डोळे. मीनानं तिथंच विचारलं, थंडीत जास्त दुखतं ना? तिघं एकमेकांकडं बघायला लागली. धाकटा म्हणाला, "सायेब म्हंतो, मीनासारखी सोंगं करू नका."

म्हणजे नऊ वर्षांनी माझ्या पोरीचं नाव तुमच्या शाळेत शिवी म्हणून चालतं. ते वाक्य कागदावर आहे तोवर तुमची जीभ मोकळी आहे. ते खोडलंत, तर पुढच्या पोराला हौदावर ढकलताना निदान एकदा हात थांबेल.

मुंबईच्या कागदाची नक्कल ह्यासोबत जोडली आहे. खात्री करायची तर लॅबला या, मीना स्वतः काच लावून देईल, चहा देईल. फक्त अर्धा तास थांबावं लागेल. आता सांगा, 'आजारपणाचे सोंग करते' हे वाक्य तुम्ही खोडणार आहात की नाही?