जड पाय

बावीस वर्षांत आमच्या ह्यांनी मला राणीसाहेबांच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. राणीसाहेब म्हणजे गाडी. लांबलचक, गडद निळी, सहा सिलिंडरची, आत लाकडी पट्टी आणि चामड्याच्या सीटा. घेतली तेव्हाच ती दहा वर्षांची होती, म्हणजे आता तिची बत्तिशी पुरी झाली. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "मी चालवून बघू का हो?"

हे म्हणाले, "नको. तुझा पाय जड आहे."

मी म्हटलं, "अहो, दोन पोरं झाली की! आता आणखी कुठे?"

गाडी बघायला आलेली शेजारीण हसून हसून भिंतीला टेकली. ह्यांना मात्र विनोद कळला नाही. "अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय म्हणतोय मी," असं गंभीरपणे समजावून सांगितलं मला. जसं काही मला ठाऊकच नव्हतं!

माणूस वाईट नाही हो, पण सावकाश. त्यांचा लाडका शब्दच तो. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, काच घासायची, डोळ्याजवळ धरायची, पुन्हा घासायची. तसा हात लागतो त्या कामाला, मान्य. मी चौतीस वर्षं शाळेत खेळाची बाई. गळ्यात शिट्टी आणि तोंडात "पळा! पाय उचला!" आमचं लग्न ज्यांनी जमवलं त्यांना एकदा भेटून विचारायचं होतं, ते राहूनच गेलं.

तर ह्यांनी गाडी चालवली ती चाळीसने. रस्ता मोकळा असो, उशीर झालेला असो, मागचा हॉर्न मारून मारून घायकुतीला आलेला असो. चाळीस. माझी छोटी गाडी होती तिच्यावर मी शाळेत जायचे आणि रविवारी ह्यांच्या शेजारी बसून रिकामी जमीन पायाने दाबत राहायचे.

आणि गेल्या वर्षी एके दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. माझी छोटी गाडी तेव्हा विकून झाली होती. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावतेय तोवर हे किल्ली घेऊन राणीसाहेबांत जाऊन बसलेसुद्धा. मी धावत जाऊन शेजारी बसले. सबंध रस्ता रिकामा होता हो, आणि हा माणूस घामाने निथळत चाळीसने चालला होता. मी ओरडत होते, "अहो दाबा, दाबा ना!" ऐकतंय कोण! हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं. ते वाक्य मी कुणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळ तर नाहीच. आजाऱ्यावर कसलं चिडायचं? पण आत नुसतं धुमसत होतं.

ऑपरेशन झालं, हे घरी आले. चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे आता. भरभर चाला, जिने चढा, घाम येऊ द्या." ह्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसले. झोपायची खोली वर आहे, चौदा पायऱ्या. हे खाली बैठकीतल्या दिवाणावर झोपायला लागले ते वर्ष झालं तरी तिथेच. उशीसुद्धा खाली गेली. मी वर एकटी, रात्रभर कूस बदलत. सांगायला लाज कशाला वाटायची, मला करमत नव्हतं.

त्यातून ह्यांनी दोन शब्द धरले. "जाऊ दे." दुकान? जाऊ दे. संध्याकाळची मित्रमंडळी? जाऊ दे. एका गोष्टीसाठी मात्र उठायचे. सकाळी सात वाजता फडकं घेऊन बाहेर जायचे, राणीसाहेबांना पुसायचे आणि चार गल्ल्या फिरवून आणायचे. तेवढाच अर्धा तास माझा नवरा मला माझा वाटायचा.

आणि राणीसाहेब धुराच्या तपासणीत नापास झाल्या. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा नापास म्हणजे नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे म्हणाले, "जाऊ दे."

गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठणार कशाला?

मी मेकॅनिककडे गेले. तो माझाच विद्यार्थी, रिलेमध्ये शेवटचा टप्पा पळायचा. अर्धा दिवस तो बॉनेटमध्ये डोकं घालून होता. मग हात पुसत म्हणाला, "बाई, इंजिन सोन्यासारखं आहे. सरांनी लाडाने वाट लावलीय तिची."

"म्हणजे रे?"

"कधी जोरात चालवलीच नाही. आत काजळी धरलीय नुसती. हिला काही औषध नको, हिला पळवा. बायपासचा चढ आहे ना, तिथे पेडल पार तळाला. तळाशी एक खटका लागेल पायाला, तो खटका ओलांडायचा. मग गिअर आपोआप खाली उतरतो आणि इंजिन जीव खाऊन ओढतं. असं चार-पाच वेळा. आणि तशीच तापलेली तपासणीला न्या. मध्ये बंद करायची नाही. सायलेन्सरच्या आधी धूर गाळणारा एक डबा असतो, तो नीट तापला तरच काम करतो."

"किती स्पीडने?"

"पाटीवर लिहिलंय त्याच्या आतच, बाई. वेग नकोय. जोर हवाय."

हे ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी त्यांना राणीसाहेबांच्या मुस्काटात मारायला सांगितलंय. पण मी हट्टाला पेटले होते. शुक्रवारी साडेअकराची वेळ घेतली आणि सव्वादहाला ह्यांना गाडीत बसवलं.

बायपासला गाड्या तुरळक होत्या. समोर लांब सरळ चढ, वर पाण्याची टाकी. माझा पाय आधीच खालची जमीन दाबत होता.

"हं, दाबा."

काटा चाळीसवरून सेहेचाळीसवर गेला.

"दाबलं," हे म्हणाले.

"हे दाबलं? पायाखाली मुंगी असती तरी मेली नसती!"

मागून सिमेंटचा मिक्सर आला आणि गरगर फिरत आम्हाला ओलांडून गेला. ड्रायव्हरने खाली वाकून आमच्याकडे पाहिलं. मेल्याने हात पण केला. टाकीला वळसा घालून आम्ही खाली आलो आणि पुन्हा चढाला लागलो. या वेळी ह्यांचा पाय निम्म्यापर्यंत गेला, इंजिन जरासं गुरगुरलं, आणि लगेच पाय वर. हात छातीवर.

"दुखतंय?"

"नाही. नुसतं... नाही जमत गं. पायच जात नाही खाली. जाऊ दे."

दहा पन्नास झाले होते. मी म्हटलं, "गाडी बाजूला घ्या."

घेतली.

"उतरा."

"काय?"

"उतरा म्हणते ना! चालू राहू दे, किल्लीला हात लावू नका. इकडे या बसायला."

मी शिट्टी न वाजवताही शिट्टीसारखं बोलू शकते, पोरांना विचारा. हे मुकाट्याने उतरले. मी त्यांच्या जागी बसले. सीट पुढे घ्यायचं बटण दाबलं तर तीसुद्धा घुंई करत सावकाशच सरकायला लागली. आमच्या घरातली ना!

आरसा बघितला. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. आणि दाबलं.

पहिल्यांदा काहीच नाही. मग पायाला तो खटका लागला. मी ओलांडला. एक क्षण गाडीने श्वास घेतल्यासारखं केलं आणि मग अगं बाई! नाक वर झालं, पाठ सीटला चिकटली, आणि असा आवाज आला की बावीस वर्षं ही मुकी होती की काय असं वाटलं. आरशात काळाकुट्ट धूर. इंजिनचा काटा तीन हजार, चार, पाच हजारांच्या वर. चढ आहे की सपाटी, तिला पत्ताच नव्हता. पाटीवरच्या आकड्याजवळ आले तसा पाय काढला. मी मोठ्याने हसत होते. बासष्ट वर्षांची बाई, वेड्यासारखी!

वळसा, खाली, पुन्हा. दुसऱ्यांदा धूर करडा. तिसऱ्यांदा विरळ. चौथ्यांदा आरशात नुसता रस्ता दिसला, स्वच्छ. तो सिमेंटवाला टाकीपाशी थांबून डबा खात बसला होता. त्याच्यासमोरून दरवेळी गेले, आणि मीही हात केला.

मग एकदम आठवण झाली, शेजारी हे आहेत. मी टाकीपाशीच बाजूला घेऊन थांबले. इंजिन चालूच होतं. हे दरवाज्यावरची कडी धरून बसले होते, दोन्ही हातांनी.

"अहो! बरे आहात ना?"

"बरा आहे," हे म्हणाले. आणि जरा थांबून, "ही एवढं ओढते?"

त्या एका वाक्याने माझा बांध फुटला. वर्षभर धरून ठेवलेलं सगळं तोंडात आलं.

"हो, एवढं ओढते! त्या दिवशीपण एवढंच ओढत होती! एवढा जोर होता हिच्यात आणि तुम्ही मला चाळीसने नेलंत. मी शेजारी बसून गळा फाडत होते. काय वाचवत होतात हो? गाडी? गाडीला जपत होतात मरताना?"

घड्याळात अकरा दहा. मी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"गाडी नाही," हे म्हणाले. "डोळ्यांपुढे सारखी अंधारी येत होती. मला वाटलं, मी आता जातो. पळवली असती आणि मध्येच हात सुटले असते तर? तू शेजारी होतीस."

मी स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे वळले.

"चाळीसला माणूस वाचतो," हे म्हणाले. "तेवढंच डोक्यात होतं. चाळीसच्या वर जायचं नाही."

"अहो, मग माझ्या हातात द्यायची होती की! मला येते ना चालवता!"

"सुचलंच नाही. खरं सांगतो. बावीस वर्षं नको म्हणायची सवय." ह्यांनी कडी सोडली. "नंतर सुचलं. रोज सुचतं."

आता अशा माणसाला काय करायचं, सांगा? मारायचं की जवळ घ्यायचं? मला दोन्ही करावंसं वाटत होतं. वर्षभर मी ज्या गोष्टीसाठी ह्यांच्यावर जळत होते, ती त्यांनी माझ्यासाठी केली होती. चुकीची, पण माझ्यासाठी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. चुकून हॉर्न वाजला आणि सिमेंटवाल्याच्या हातातला घास खाली पडला.

तेवढ्यात ह्यांनी माझा दंड हलवला. "अगं, सव्वाअकरा झाले. तो धूर गाळायचा डबा थंड होईल. चल."

"जाते हो."

"जाते काय? दाब की!"

लग्नाला अडतीस वर्षं झाली. हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तपासणी केंद्रावर पोचलो तेव्हा तीन मिनिटं उरली होती. तिथल्या माणसाने आम्हाला ओळखलं आणि तोंड वाकडं केलं, आले पुन्हा म्हातारा-म्हातारी. नळी सायलेन्सरमध्ये घातली. मशीन घरघरलं. ह्यांनी माझा हात धरला होता, घट्ट, चारचौघांत. कागद बाहेर आला. त्या माणसाने तो एकदा वाचला, गाडीकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"पास," तो म्हणाला. "अहो, गेल्या वेळी धुराने माझे डोळे चुरचुरले होते. केलंत तरी काय?"

हे म्हणाले, "काही नाही. हिचा पाय जड आहे."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. माझे पांढरे केस, सुरकुत्या. मग ह्यांच्याकडे. आणि हे चक्क हसत होते. बावीस वर्षांनी विनोद कळला होता त्यांना! मी पदराने तोंड झाकून बाहेर पळाले.

घरापर्यंत मीच चालवली. ह्यांनी किल्ली मागितली नाही. घरी आल्यावर म्हणाले, "उद्या सकाळी मी बघतो जमतंय का. खटक्यापर्यंत तरी." मी बरं म्हटलं आणि कपडे बदलायला वर गेले.

पलंगावर टेकले असेन, तेवढ्यात खालून जिन्याचा आवाज आला. पहिली पायरी. दुसरी. मी उठून कठड्याशी आले. हे भिंतीला हात लावून चढत होते, मान खाली, एकेक पायरी बघत. पाचवीवर थांबले. धाप लागली होती. आणि मला एकदम भीती वाटली, खरीखुरी. तोंडात शब्द आला, "सावकाश." मी! ज्या शब्दाचा जन्मभर राग केला तोच.

गिळला. कठडा घट्ट धरला आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "पाय उचला!"

ह्यांनी वर पाहिलं. आणि उचलला. सहा, सात, आठ. दहाव्या पायरीवर भिंतीवरचा हात काढला. वर आले, घामेजलेले, आणि पलंगाच्या आपल्या बाजूला बसले. जरा वेळाने इकडेतिकडे बघितलं.

"उशी खालीच राहिली," म्हणाले.

"थांबा, मी आणते," म्हटलं, आणि धावत खाली गेले.